जमीन मोजणारी साखळी आणि सिनेटमधल्या दोन खुर्च्या

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष जेफरसन राज्यघटनेच्या अक्षराबाहेर पाऊल टाकायला तयार नसायचा म्हणतात. मग 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना, म्हणजे मिसिसिपी नदीपलीकडचा तो प्रचंड मुलूख, विकत घेताना त्याची ती घटना कुठे गेली होती? हे ढोंगच नाही का? आणि दुसरं म्हणजे, लोक आपापल्या गाड्या जुंपून पश्चिमेला गेले, त्यात दर वेळी राजधानीतलं राजकारण कशाला घुसडतात?"

एम.ए.च्या वर्गाला मी हा काळ जवळजवळ तीस वर्षं शिकवला. पहिला प्रश्न दर वर्षी यायचा, दुसरा क्वचितच कुणी विचारायचं. पण मला विचाराल तर दुसरा जास्त कळीचा आहे आणि तो सुटला की पहिलाही बराचसा सुटतो. म्हणून उलट्या क्रमाने सांगतो.

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आमच्या माळ्यावर त्यांची जुनी शंकू साखळी पडलेली असायची. 33 फुटांची, 16 आण्यांत विभागलेली. एक बाजू तिने, दुसरी बाजूही तिनेच मोजली की झाला गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. पुढे अमेरिकेचा इतिहास शिकवायला घेतला तेव्हा गंटरची साखळी भेटली. ती 66 फुटांची, 100 कड्यांची, म्हणजे आमच्या माळ्यावरच्या साखळीच्या बरोबर दुप्पट. अशा 10 चौरस साखळ्यांचा एक एकर आणि 80 साखळ्यांचा एक मैल. एकर दोन्हीकडे सारखाच, कारण दोन्हीकडे तो इंग्रजांनीच आणलेला.

ही साखळी घेऊन थॉमस हचिन्स नावाचा सरकारी भूगोलज्ञ 30 सप्टेंबर 1785 रोजी ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीपाशी उभा राहिला आणि पश्चिमेकडे मोजायला लागला. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवलं होतं की जमीन आधी मोजायची आणि मगच विकायची. 6 मैल लांब आणि 6 मैल रुंद असा चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे 36 तुकडे करायचे, प्रत्येक 640 एकरांचा, त्याला सेक्शन म्हणायचं. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवायचा. 1796 पासून या सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊ लागले. पहिली ओळ पश्चिमेकडे 1 ते 6, मग खालची ओळ पश्चिमेकडून उलटी पूर्वेला, मग परत फिरून पश्चिमेला. फळ्यावर हे काढलं की मुलं गोंधळायची. मी विचारायचो, नांगराचा बैल बांधापर्यंत गेला की पहिल्या टोकाला परत येऊन नवं तास धरतो का? तो तिथेच वळतो ना? तसंच हे.

मध्ये टेकडी येवो, दलदल येवो, कुणाची मक्याची शेतं आणि झोपड्या येवोत, रेघ सरळच जाणार. पुढे एक माणूस कंपास धरून, मागे दोघे साखळी ओढत, एकजण कुऱ्हाडीने कोपऱ्याजवळच्या झाडावर खूण करत. त्यांच्या वहीत जमीन काळी की मुरमाड, झाडं कोणती, पाणी कुठे, एवढीच टिपणं. त्या वहीवरून नकाशा, नकाशावरून लिलाव.

आता गाड्यांचं. गाडी साखळीच्या आधी जायचीच, हे खरं आहे. 1785 मध्येच ओहायोच्या पलीकडे घुसलेल्या लोकांना हुसकायला सरकारने सैनिक पाठवले, त्यांनी झोपड्या जाळल्या, आणि सैनिक माघारी फिरले की लोक पुन्हा येऊन बसायचे. स्क्वॉटर म्हणायचे त्यांना. आपल्या भाषेत अतिक्रमण करणारे. जंगल तोडून, शेत करून, दोन पिकं काढून बसलेल्या माणसाला एक दिवस कळायचं की त्याचा तुकडा शेकडो मैलांवरच्या सरकारी जमीन कचेरीत लिलावाला निघालाय आणि फिलाडेल्फियाचा कुणी दलाल त्यावर बोली लावतोय. त्याच्या हातात कागद नाही. त्याच्याकडे असतं फक्त एक मत. नव्या पश्चिमी राज्यांत मतदानासाठी मालमत्तेची अट सैल होती किंवा नव्हतीच, त्यामुळे अशा लाखो मतांपुढे शेवटी सरकार वाकलं. 1841 च्या कायद्याने बसलेल्या माणसाला लिलावाआधी किमान भावात 160 एकर घेण्याचा हक्क मिळाला. निवडणुका जवळ आल्या की अतिक्रमणं नियमित कशी होतात, हे आपल्याला शिकवायला नको.

तर राजकारण इथे आहे. एकराचा भाव किती, कमीत कमी किती एकर घ्यायचे, रोख की हप्त्याने, तिथे गुलाम नेता येतील की नाही, आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचं काय करायचं, यातली एकही गोष्ट गाडीवाल्याच्या हातात नव्हती. प्रत्येक गोष्ट काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, मतांनी ठरायची. आणि ती मतं कुणाची, हे नवी राज्यं किती आणि कुठली तयार होतात यावर ठरायचं. गाय आणि दावं दोन्ही एकमेकांना बांधलेली.

आता जेफरसन.

ॲपलाशियन डोंगरांपलीकडच्या शेतकऱ्याला बाजाराची खरी वाट एकच होती, मिसिसिपी नदी. केंटकी-टेनेसीतलं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, तंबाखू, व्हिस्की सपाट बुडाच्या होड्यांवर चढवायचं, प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लिन्सपर्यंत न्यायचं, तिथे उतरवून समुद्री जहाजांत भरायचं. डोंगर ओलांडून तोच माल पूर्वेला नेणं परवडायचं नाही. 1795 च्या तहाने स्पेनने न्यू ऑर्लिन्सला माल उतरवण्याचा हक्क दिला होता. ऑक्टोबर 1802 मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने तो काढून घेतला. त्यातच स्पेनने हा सगळा मुलूख 1800 च्या गुप्त तहाने फ्रान्सला देऊन टाकलाय ही बातमी आधीच फुटली होती. जेफरसनने एप्रिल 1802 मध्येच पॅरिसमधल्या आपल्या राजदूताला, रॉबर्ट लिव्हिंग्स्टनला, लिहिलं होतं की पृथ्वीवर एकच जागा अशी आहे, तिचा जो मालक होईल तो आपला स्वाभाविक शत्रू, आणि ती जागा म्हणजे न्यू ऑर्लिन्स.

त्याला हवं होतं ते शहर, आणि जमलं तर फ्लोरिडा. त्यासाठी जेम्स मन्रोला मदतीला धाडलं. पण मन्रो पॅरिसला पोचण्याआधीच, 11 एप्रिल 1803 ला, फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां याने लिव्हिंग्स्टनला सहज विचारल्यासारखं विचारलं, सगळाच मुलूख घेतला तर काय द्याल? लिव्हिंग्स्टनला ऐकायला कमी यायचं. आपण नीट ऐकलं ना, अशी शंका त्याला त्या दिवशी नक्कीच आली असेल.

नेपोलियनने हे का केलं? पाठ्यपुस्तकं त्याच्या लहरीवर आणि इंग्लंडशी येऊ घातलेल्या युद्धावर बोट ठेवतात. युद्ध खरंच होतं, लहरही असेल, पण मी श्रेय देतो सेंट-डोमिंगच्या गुलामांना. हिस्पॅनिओला या कॅरिबियन बेटाचा हा पश्चिम भाग म्हणजे फ्रान्सची साखरेची खाण, आणि लुइझियाना हे त्या बेटाचं धान्याचं कोठार व्हायचं होतं. बेटावरच्या गुलामांनी बंड करून आपलं राज्य उभं केलं होतं. ते मोडायला नेपोलियनने आपला मेव्हणा लेक्लेर्क याला मोठी फौज देऊन धाडलं. बंडवाले आणि पीतज्वर यांनी मिळून ती फौज खाऊन टाकली, लेक्लेर्क स्वतः नोव्हेंबर 1802 मध्ये तापाने गेला. बेटच हातात राहणार नसेल तर कोठार कशाला सांभाळायचं? 1 जानेवारी 1804 ला सेंट-डोमिंग हैती या नावाने स्वतंत्र झालं, आणि ज्या अमेरिकेला त्या लढ्यामुळे देशाच्या दुप्पट आकार मिळाला तिने 1862 पर्यंत हैतीला मान्यता दिली नाही.

सौदा ठरला दीड कोटी डॉलरला. त्यातले 6 कोटी फ्रँक फ्रान्सला, उरलेले फ्रान्सकडून येणं असलेल्या अमेरिकन व्यापाऱ्यांना. अमेरिकेकडे एवढी रोकड कुठली? तिचे रोखे घेऊन पैसे उभे केले लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. मे 1803 मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं, तरी इंग्रज पेढीने नेपोलियनला पैसे पोचवले. सावकाराला शत्रू नसतो. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, आर्थर वेलस्ली शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढत होता. एकाच वर्षात नकाशाचे दोन मोठे तुकडे असे हलले, एक दौतीने आणि एक तोफेने.

आता घटनेचं. घटनेत नवा मुलूख घ्यायचा अधिकार सरकारला कुठेच लिहून दिलेला नाही, ही अडचण जेफरसनला आधीपासून दिसत होती. त्याचा अर्थमंत्री गॅलॅटिन जानेवारी 1803 मध्येच म्हणाला होता की राष्ट्र म्हटलं की मुलूख मिळवण्याचा हक्क त्याच्या अंगचाच असतो. जेफरसनला ते पटकन गिळवलं नाही. त्याने त्या उन्हाळ्यात घटनादुरुस्तीचे मसुदे स्वतः लिहिले. मग पॅरिसहून पत्र आलं की नेपोलियनचं मन फिरतंय, मुदतीत मंजुरी द्या नाहीतर सौदा बारगळेल. मुदत होती सहा महिन्यांची, ऑक्टोबरअखेर संपणारी. घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागते, ती तेवढ्यात कुठून येणार? तेव्हा त्याने मसुदे बाजूला ठेवले आणि आपल्या माणसांना सांगितलं की घटनेच्या अडचणीबद्दल जितकं कमी बोलाल तितकं बरं.

ऑगस्ट 1803 च्या एका पत्रात त्याने स्वतःची बाजू मांडली आहे, आणि सातबारा वाचणाऱ्या माणसाला ती लगेच कळेल. तो म्हणतो, आपण अज्ञान मुलाच्या पालकासारखे आहोत. मुलाच्या पैशातून शेजारचं मोक्याचं शेत घेतलं, आणि मूल सज्ञान झालं की त्याला सांगायचं, तुझ्या भल्यासाठी केलं, पटलं तर ठेव, नाहीतर नामंजूर कर. आपल्या उताऱ्यावर नावापुढे 'अ.पा.क.' असतं ना, अज्ञान पालनकर्ता, तेच नातं. फरक एवढाच की या मुलाला पुढे कुणी काही विचारलं नाही. घटनादुरुस्ती कधीच आली नाही.

मग ढोंग का? माझं मत विचाराल तर ढोंग म्हणायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंना म्हणा. 1791 मध्ये राष्ट्रीय बँक काढताना हॅमिल्टनचा पक्ष, म्हणजे फेडरलिस्ट, म्हणत होते की घटनेत शब्द नसला तरी अर्थ काढता येतो, आणि जेफरसन ओरडत होता की नाही. बारा वर्षांनी फेडरलिस्ट अक्षराला चिकटले आणि जेफरसन अर्थाला. 20 ऑक्टोबर 1803 ला सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, तह 24 विरुद्ध 7 मतांनी मान्य केला. विरोध करणाऱ्यांचा खरा काटा तहाच्या कलम 3 मध्ये होता. तिथल्या लोकांना संघराज्यात सामावून घेऊ असं वचन त्या कलमात होतं. म्हणजे आज ना उद्या नवी राज्यं, आणि प्रत्येक राज्यामागे सिनेटमध्ये दोन खुर्च्या. मॅसॅच्युसेट्ससारख्या जुन्या राज्यांना दिसत होतं की आपण हळूहळू अल्पमतात जाणार. 1811 मध्ये लुइझियाना राज्य करायची चर्चा निघाली तेव्हा बॉस्टनचा जोसाया क्विन्सी भर सभागृहात म्हणाला की हे झालं तर संघाची बंधनं तुटली असंच धरा, मग वेगळं व्हायचं ते गोडीने किंवा जबरदस्तीने. संघातून फुटण्याची भाषा दक्षिणेने शोधून काढली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे भाषण वाचावं.

इथे एक चूक निस्तरतो, कारण ती उत्तरपत्रिकेत हमखास दिसायची. सुमारे 8 लाख 28 हजार चौरस मैल म्हणजे 53 कोटी एकर, दीड कोटी डॉलर भागिले तेवढे एकर, म्हणजे एकरी तीन सेंटला जमीन मिळाली, असं मुलं लिहीत. अहो, फ्रान्सच्या मालकीची तिथे जमीन होती किती? न्यू ऑर्लिन्स, सेंट लुई आणि नदीकाठची काही वस्ती. बाकी मुलूख ओसेज, मँडन, लाकोटा अशा अनेक मूळ रहिवासी लोकांचा होता. अमेरिकेने घेतला तो एवढाच हक्क की या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती आम्हीच घेणार, दुसऱ्या कुठल्या युरोपियन सत्तेने मध्ये पडायचं नाही. आपल्या भाषेत याला खरेदीखत म्हणता येणार नाही. साठेखतसुद्धा म्हणता येणार नाही, कारण साठेखतावर निदान मूळ मालकाची सही असते. खरी खरेदी पुढची अनेक दशकं चालली, तहांवर तह करून, कधी पैसे देऊन, कधी दारू पाजून, कधी बंदुकीच्या टोकावर. 1823 मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शलने यालाच कायद्याचा साज चढवला: मूळ रहिवाशांना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, पण ती सरकारशिवाय कुणालाही विकता येणार नाही. गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवणार?

आता खुर्च्यांकडे येतो. ओहायो नदीच्या उत्तरेला 1787 च्या अध्यादेशाने गुलामगिरी बंद होती, दक्षिणेला नव्हती. 1793 मध्ये व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं आणि आखूड धाग्याचा कापूस, जो आधी परवडत नव्हता, तो सोन्याच्या भावाचा झाला. 1808 पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी, म्हणून मेरीलँड-व्हर्जिनियातली माणसं साखळदंडांत बांधून अलाबामा-मिसिसिपीकडे चालवत नेली जाऊ लागली. पश्चिमेकडे गेलेल्या सगळ्याच गाड्या हौसेने निघालेल्या नव्हत्या. 1861 च्या यादवी युद्धापर्यंत अशी सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली.

1819 च्या अखेरीस बिनगुलामीची राज्यं 11 आणि गुलामीची 11. सिनेट बरोबर तोललेलं. प्रतिनिधीगृहात जागा लोकसंख्येवर, त्यातही दक्षिणेला पाच गुलामांमागे तीन डोकी जास्तीची मोजून मिळायची. तरी उत्तर पुढे गेली होती, कारण एकट्या ओहायोची लोकसंख्या वीस वर्षांत 45 हजारांवरून 5 लाख 81 हजारांवर गेली होती. अशा वेळी मिसुरी दारात उभी. तिथे सुमारे 10 हजार गुलाम. न्यूयॉर्कच्या जेम्स टॉलमॅजने फेब्रुवारी 1819 मध्ये दुरुस्ती सुचवली: मिसुरीत यापुढे नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि राज्य झाल्यावर जन्मलेली गुलामांची मुलं 25 व्या वर्षी मोकळी. प्रतिनिधीगृहाने मान्य केलं, सिनेटने फेटाळलं, आणि वर्षभर भांडण पेटलं.

तोडगा तुम्हाला पाठ असेल. मेन हा भाग मॅसॅच्युसेट्समधून काढून वेगळं राज्य करायचा, मिसुरीला गुलामीसह घ्यायचं, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात 36 अंश 30 मिनिटं या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामी बंद. पण हे एकगठ्ठा मंजूर झालंच नाही, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. सभापती हेन्री क्लेच्या लोकांनी तुकडे पाडून मतं घेतली. उत्तरेच्या रेघेला 134 विरुद्ध 42. मिसुरीवरची बंदी काढायला मात्र 90 विरुद्ध 87. उत्तरेतले मोजके जण फुटले म्हणून निभावलं. व्हर्जिनियाचा जॉन रँडॉल्फ हा विक्षिप्त आणि अतिशय तिखट जिभेचा माणूस फेरविचाराचा ठराव मांडायला उठला. क्ले म्हणाला, आधी नेहमीचं कामकाज, अर्ज वगैरे संपू द्या. ते चाललेलं असताना त्याने विधेयकावर सही करून ते सिनेटकडे पाठवूनही दिलं. रँडॉल्फचा नंबर आला तेव्हा उत्तर तयार होतं, विधेयक आता या सभागृहात नाही. सभापतीच्या खुर्चीची ताकद काय असते हे समजायला मला या प्रसंगासारखा दुसरा सापडलेला नाही.

म्हाताऱ्या जेफरसनने घरी बसून हे ऐकलं आणि एप्रिल 1820 मध्ये लिहिलं की हा प्रश्न रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा आला, आणि आपण दचकून उठलो. त्याला आगीची धास्ती होती, पण सरपण त्याच्याच खरेदीतलं होतं.

हप्त्यांचं प्रकरण लवकर उरकतो, पण सोडून चालणार नाही. 1800 च्या कायद्याने जमीन उधारीवर मिळायला लागली: एकरी किमान 2 डॉलर, चौथाई आधी, बाकी चार वर्षांत. 1804 पासून किमान 160 एकर, म्हणजे 80 डॉलर हातात असले की 320 डॉलरच्या जमिनीचा ताबा. इंग्लंडशी झालेल्या 1812-15 च्या युद्धानंतर कापसाचा भाव चढला आणि लोकांनी झेपेल त्याच्या चौपट बोली लावल्या. 1819 मध्ये कापूस कोसळला, बँकांनी तगादा लावला, आणि सरकारचीच जमिनीपोटी लोकांकडची थकबाकी दोन कोटी डॉलरच्या वर गेली. काँग्रेसने 1820 मध्ये उधारी बंद केली, भाव सव्वा डॉलरवर आणला, तुकडा 80 एकरांचा केला. म्हणजे 100 डॉलर रोख मोजा आणि घ्या. पुढच्या वर्षी जुन्या थकबाकीदारांना सवलतही दिली. पण ज्यांचं गेलं त्यांचं गेलंच, आणि बँक हा शब्द पश्चिमेत शिवीसारखा झाला. अँड्र्यू जॅक्सन पुढे अध्यक्ष झाल्यावर राष्ट्रीय बँकेवर तुटून पडला तेव्हा लोकांनी टाळ्या का वाजवल्या, याचं मूळ इथे आहे.

हाच जॅक्सन 8 जानेवारी 1815 ला न्यू ऑर्लिन्ससमोर इंग्रजांना हरवून देशभर गाजला होता. त्या लढाईत पडलेला इंग्रज सेनापती एडवर्ड पेकनहॅम हा असईच्या त्याच वेलस्लीचा मेव्हणा. त्याआधी, ऑगस्ट 1814 मध्ये, जॅक्सनने क्रीक या मूळ रहिवासी लोकांना हरवून त्यांच्याकडून सुमारे 2 कोटी 30 लाख एकर लिहून घेतले होते, आणि सह्या करणाऱ्यांत त्या लढाईत त्याच्याच बाजूने लढलेले क्रीकही होते. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 1824 च्या निवडणुकीत त्याला सर्वांत जास्त, 99 निर्वाचक मतं होती, पण बहुमत नव्हतं, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली. क्लेने जॉन क्विन्सी ॲडम्सला हात दिला, ॲडम्स अध्यक्ष झाला आणि क्ले परराष्ट्रमंत्री. जॅक्सनवाले चार वर्षं एकच ओरडत राहिले, सौदा झाला, सौदा झाला. 1828 मध्ये ते जिंकले.

त्या जिंकण्याची किंमत चेरोकी या मूळ रहिवासी लोकांनी मोजली, आणि इथे मी जरा थांबणार आहे. हे लोक जॉर्जियाच्या उत्तरेला शेती करून राहत होते. सेक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, 1821 पर्यंत स्वतःच्या भाषेसाठी अक्षरं तयार केली. 1827 मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली, 1828 मध्ये दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं. 'सुधारा, मग तुम्हाला राहू देऊ' असं जे सांगितलं जात होतं ते सगळं त्यांनी केलं. त्यांच्या जमिनीत 1829 मध्ये सोनं सापडलं.

त्यांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा मे 1830 मध्ये झाला. सिनेटमध्ये 28 विरुद्ध 19, प्रतिनिधीगृहात 102 विरुद्ध 97. पाच मतांचा फरक. गुलामांची डोकी मोजून दक्षिणेला तेव्हा 20 हून जास्त जागा जादा मिळत होत्या. त्या वजा करून पाहा म्हणजे हा कायदा कुणाच्या बळावर झाला ते दिसेल. टेनेसीचा डेव्हिड क्रॉकेट, अस्सल सरहद्दीवरचा माणूस, याने मात्र विरोधात मत दिलं.

मार्च 1832 मध्ये मार्शलच्या न्यायालयाने निकाल दिला की जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात चालत नाहीत. त्यावर जॅक्सन म्हणाला म्हणे, 'मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच तो अमलात आणावा.' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. ते बरंच नंतर छापलं गेलं, आणि त्याला ते म्हणायची गरजही नव्हती. काहीही न करणं पुरेसं होतं.

काम साखळीने केलं. जॉर्जियाने त्या निकालाला न जुमानता चेरोकींची जमीन मोजून घेतली होती, 160 एकरांचे तुकडे आणि जिथे सोन्याची शक्यता तिथे 40 एकरांचे. ऑक्टोबर 1832 मध्ये राजधानी मिलेजव्हिलला लॉटरी सुरू झाली. दोन पिंपं. एकात अर्जदारांची नावं, दुसऱ्यात जमिनीचे क्रमांक. एकातून एक चिठ्ठी, दुसऱ्यातून एक, आणि ती जोडी वहीत लिहायची. अर्जदार म्हणजे राज्यात काही वर्षं राहिलेला कुणीही गोरा पुरुष, विधवा, अनाथ. त्या तुकड्यावर कुणाचं घर उभं आहे, कुणाच्या बागेला फळं लागली आहेत, याचा रकाना त्या वहीत नव्हता.

चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस याचं घर कूसा नदीच्या उगमाजवळ होतं. दुमजली घर, फळबाग, नदीवर स्वतःची नाव. 1835 च्या वसंतात तो वॉशिंग्टनमध्ये होता. हा मुलूख राहू द्या म्हणून अर्ज-विनंत्या करत कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. परत आला तेव्हा दार परक्या माणसाने उघडलं. त्याची लॉटरी लागली होती. रॉस बायकामुलांना घेऊन हद्दीपलीकडे टेनेसीत लाकडी झोपडीत राहायला गेला, आणि तिथून पुन्हा वॉशिंग्टनला अर्ज लिहायला बसला.